खाणीच्या गाडीतून मुळगावाला

आमची गाडी कुठेही थांबली की लोक आधी विचारायचे, "कोण गेलो?"

त्यांचे चुकत नव्हते. गाडी खाणीवरची जुनी रुग्णवाहिका होती. दारावरची लाल फुली खरवडून काढली होती, तरी तिच्या जागी पत्रा गुलाबी राहिला होता, आणि नव्या पांढऱ्या रंगाखालून कंपनीचे नाव सकाळच्या तिरक्या उन्हात सहज वाचता यायचे. कंपनीने नवी रुग्णवाहिका आणली, जुनी लिलावात काढली, आणि जो ती इतकी वर्षे चालवत होता त्यानेच ती घेतली. तो माझा नवरा. नोकरी चालूच होती, आता नव्या गाडीवर. जुनीत त्याने स्ट्रेचरच्या जागी फळ्यांचे बाकडे ठोकले आणि त्यावर गादी टाकली. सलाइनच्या हुकाला कंदील टांगला. औषधांच्या कपाटात स्टोव्ह, तांदूळ, सुंगटे म्हणजे सुकी कोळंबी, दोन ताटल्या आणि एक चमचा. मागच्या खिडकीला माझ्या जुन्या साडीचा पडदा. रजा टाकून आम्ही दोघे कोरगावहून निघालो.

"कोण जावक नाय," तो खिडकीतून सांगायचा. "आमी फिराक इलव."

यावर कोणी विश्वास ठेवत नसे. नवराबायको फिरायला म्हणून निघतात ती बसने, जत्रेला नाहीतर माहेरी. देवळासमोर गाडी लावून गाडीतच भात शिजवणारी माणसे हर्मलच्या समुद्राकाठी असत, पण ती गोरी होती. आम्ही गोरे नव्हतो, कोणी आजारी नव्हते, कोणी मेले नव्हते. मग आम्ही कशासाठी आलो होतो?

गोवा राज्य झाल्यानंतरचा तो पहिला हिवाळा. पाट्यांवरचे दमण आणि दीव पुसून नुसते गोवा लिहायचे काम सगळीकडे चालू होते. कोकणी की मराठी या भाषेच्या आंदोलनात रस्त्यावर आडवी घातलेली झाडे उचलली गेली होती, पण त्यांचे बुंधे तसेच होते. भिंतींवर दोन्ही बाजूंच्या घोषणा एकमेकींवर चढलेल्या. अनोळखी माणूस दिसला की तो कुठल्या भाषेत बोलतो हे आधी ऐकायचे आणि मग त्याला पाणी द्यायचे की नाही ते ठरवायचे, असे दिवस होते. मी काही त्याला अपवाद नव्हते.

माझे बालपण पत्रकांत गेले. पेडण्याच्या बाजारात वडिलांचा पायाने चालवायचा छोटा छापखाना होता. कुळांच्या हक्काची पत्रके, दारूबंदीची, अंधश्रद्धेविरुद्धची, मराठीची. मी अक्षरे गिरवली ती बिघडलेल्या प्रतींच्या मागच्या कोऱ्या बाजूवर. कुठलाही छापील कागद हातात आला की वडील विचारायचे, "हे कोणाच्या फायद्याचे?" उत्तर दिल्याशिवाय जेवायला वाढत नसत असे नाही, पण आईने वाढलेले गार व्हायचे. राजभाषेचा कायदा झाला तेव्हा मी जे पत्रक लिहिले त्यातला एक शब्दही मी अजून मागे घेतलेला नाही. घरात आम्ही जे बोलायचो ते कोकणी की मराठीची बोली, यावर वडील आणि काका ताटावर बसून भांडायचे, आणि भांडायचे त्याच बोलीत.

नवरा दोडामार्गाकडचा, मालवणी बोलणारा. पत्रकांशी त्याचा संबंध एवढाच, की लग्नाआधी मी दिलेले एक पत्रक त्याने घडी करून गाडीच्या खडखडणाऱ्या काचेत खोचले होते. "तुमच्या ह्या भांडणात मालवणीचा नाव कदी येतला?" असे तो मधूनच विचारायचा आणि उत्तराची वाट न बघता हसायचा. मी त्याला 'तू' म्हणते याचा माझ्या सासूला आठवडाभर त्रास झाला. त्याला एक दिवससुद्धा झाला नाही. मी चिडले की पुस्तकी मराठीत बोलते, हे मात्र त्याने लगेच ओळखले होते.

फिरायला जायची कल्पना त्याचीच. "इतकी वर्सां ह्या रस्त्यांनी गेलंय," तो म्हणाला होता, "पण बाजूक कदी बघूक गावला नाय. मागे माणूस कण्हता, आणि मी काय हरवळ्याचो धबधबो बघू?"

हे ऐकून मी त्याच क्षणी हो म्हटले. पुढे जे झाले ते लिहिताना हे वाक्य मी मुद्दाम आधी लिहून ठेवते आहे.

पहिला मुक्काम हर्मलला. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर गोड्या पाण्याचे तळे आहे, खारट वाऱ्यात गोडे पाणी कसे टिकते याचे आम्ही दोघांनी नवल केले, आणि लाटांनी कोरून काढलेल्या काळ्या खडकांवर बसून पाव विकणाऱ्या पोदेराकडून घेतलेले उंडे खाल्ले. गाडी चढावर, उताराच्या कडेला लावली होती. संध्याकाळी नवऱ्याने सीटखालून चुन्याचा डबा आणि काथ्याचा ब्रश काढला. आसपासचे चार धोंडे गोळा केले, त्यांना चुना फासला आणि कडेला ओळीने मांडले.

"हे काय?"

"गाडी मागे घेताना कड दिसाक होई. खाणीर असाच करतत. पांढरो धोंडो दिसलो काय पाय आपणच ब्रेकार जाता."

खाणीवर मी गेले होते, त्यामुळे मला ते पटले. तिथे खोल खड्ड्याच्या काठाने असे पांढरे धोंडे मांडलेले असतात, ट्रक मागे घेणाऱ्याला आरशात दिसावेत म्हणून. सवय माणसाला कुठेही सोडत नाही. निघताना धोंडे तिथेच राहिले. मला त्यात काही वाटले नाही.

वाटायला लागले ते धारगळला.

धारगळला हमरस्त्याच्या कडेला चहासाठी थांबलो. तिथे खनिजाच्या ट्रकांवरचा एक मुकादम बाकड्यावर बसला होता. नवऱ्याला बघून तो उठला, आमच्या गाडीभोवती एक फेरी मारली, पडदा बघितला आणि हसला.

"बायलेक घेवन फिरतंस? बरा आसा रे. आदी ह्या गाडयेत मरणारे झोपत, आता जोडपी झोपतली."

"तुका काय होया?" नवरा म्हणाला.

"माका काय नको. मुळगावाक जातलंस मां? सायबान सांगलेला ता इसरू नको." एवढे बोलून त्याने चहा संपवला आणि तो गेला.

मी विचारले, "साहेबांनी काय सांगितले?"

माझी पुस्तकी मराठी ऐकून नवऱ्याने मान वर केली. "काय नाय गे. उगाच बोलता तो."

"उगाच कोणी मुळगावचे नाव घेत नाही."

"भजी गार जातत," तो म्हणाला.

मुळगावला माझी मावशी राहायची. डिचोलीजवळचे गाव. तिथल्या डोंगराची एक बाजू खाणीने खाऊन टाकली होती. दुसरी अजून हिरवी होती. त्या बाजूला झरा, झऱ्याखाली मावशीचे कुळागर म्हणजे सुपारीची बाग आणि त्याखाली गावाची भातशेते. ही बाजू उरली होती याचे कारण कंपनीची दया नव्हे. तिथे ट्रक चढेल असा रस्ता कोणाला सापडला नव्हता, एवढेच. रस्ता सापडला की माती निघणार, पावसात ती लाल माती झऱ्यात आणि शेतात उतरणार, आणि मावशीच्या दारातली सुपारी दोन-चार पावसाळ्यांत सुकणार. पलीकडच्या वाड्यावर हेच झाले होते. मी ते पत्रकात लिहिले होते. आणि आता मी त्याच गावाला निघाले होते, कंपनीचे नाव अर्धवट पुसलेल्या गाडीतून, कंपनीच्या ड्रायव्हरबरोबर, ज्याला साहेबांनी काहीतरी सांगून ठेवले होते आणि जो माझा नवरा होता.

त्यानंतर मी फिरायला आलेली राहिले नाही. मी बघू लागले. तो गाडी वळवण्याआधी खाली उतरून पावलांनी रस्त्याची रुंदी मोजायचा. हे त्याने आधीही केले असेल, पण आता मला दिसायला लागले. अरुंद जागी तो खिडकीतून मान काढून वर झाडांच्या फांद्या बघायचा. रुग्णवाहिकेला एवढी उंची कशाला लागते? चढ संपला की थांबून मागे वळून बघायचा. लिलावात ही गाडी दुसऱ्या कोणाला का मिळाली नाही? रजा एवढ्या सहज कशी मिळाली? फिरायची कल्पना नक्की कोणाची, त्याची की साहेबांची?

हरवळ्याला पोचलो तेव्हा ऊन चढले होते. जांभ्यात कोरलेल्या लेण्यांपुढे गाडी थांबली. बाजूला देवळाच्या वाटेवर एक बाई फुले विकत होती. तिने गाडीचे दार नीट वाचले.

"तुमी सरकारचीं?"

"न्हय," मी म्हणाले.

"खाणीचीं?"

"गाडी खाणीची होती. आमी न्हय."

"गाडी खाणीची, माणसां खाणीचीं न्हय," ती फुलांवर पाणी शिंपडत म्हणाली. "बरें आसा. आनी चुनो कित्याक व्हरतात? देवाक लावपाक?"

मी चमकले. चुन्याचा डबा सीटखाली होता. मग लक्षात आले, नवऱ्याच्या पँटीला चुन्याचे ओघळ होते. नवऱ्याने खाली बघितले, हाताने ते झटकले आणि तिच्याकडून झेंडूची माळ घेतली. तिने ती दिली, पण आम्ही लेण्यात शिरेपर्यंत ती आमच्याकडे बघत राहिली. मला तिचे वागणे बरोबर वाटले. तिच्या जागी मी असते तर मीही तसेच बघितले असते. किंबहुना मी तिच्याच बाजूला उभी होते.

लेणी थंड होती. एका ओळीत खोल्या, आत लिंगे, भिंतींवर कोरण्याचे घाव अजून ताजे वाटावेत असे. एका म्हाताऱ्या यात्रेकरूने आम्हाला सांगितले की हे सगळे पांडवांनी एका रात्रीत कोरले. मी त्याला सांगितले की लेणी बौद्धांची होती असेही मानतात, आणि एका रात्रीत कोणी एवढा दगड कोरत नाही.

"एका रातीत," नवरा म्हणाला, "तर पांडवांक कंत्राट कोणी दिल्यान? आणि माती खंय टाकल्यानी?"

म्हातारा हसला. मीही हसले असते. पण एवढा दगड निघाला तर माती कुठे टाकली, हा प्रश्न ज्याच्या मनात पहिल्यांदा येतो तो खाणीचाच माणूस, असे मला वाटले, आणि हसू तिथेच थांबले.

धबधब्याखाली आम्ही बराच वेळ बसलो. पाणी डोंगराच्या कडेवरून खाली येत होते आणि आवाजात बोलणे ऐकू येत नव्हते. तो टक लावून बघत होता. चेहऱ्यावर पाण्याचे तुषार, तोंड थोडे उघडे. इतक्या वर्षांची राहिलेली गोष्ट बघणारा माणूस असाच दिसतो. हे नाटक असेल तर फार चांगले नाटक होते. मी त्याच्या कानाशी जाऊन पुन्हा विचारले, "साहेबांनी काय सांगितले?" त्याने ऐकू आले नाही अशी खूण केली. ऐकू आले नसेलही.

मुळगावला आम्ही दुसऱ्या दिवशी दुपारी पोचलो. मावशीकडे जेवलो. ती गाडीत डोकावून, नवऱ्याकडे बघत म्हणाली, "बाये, घोवाक घर ना म्हण गाडयेंत दवरलां काय?" आणि आम्ही घरात झोपायला नाही म्हटले म्हणून रुसली. नवऱ्याला डोंगराच्या पायथ्याचा कोरीव पाट बघायचा होता. पायवाटेच्या वळणावर उभा असलेला तो दगड, मध्ये केळबाय देवी, दोन्ही बाजूंना सोंडा उंचावलेले हत्ती, तेलाने सगळा काळा झालेला. वाट जेमतेम गाडीएवढी होती. तिथूनच वर झऱ्याकडे चढ जातो. आम्ही तिथपर्यंत गेलो, पाट बघितला, हत्तीच्या सोंडेवरचे बारीक नक्षीकाम बघितले. मग नवरा एकटाच वर चढला. झाडांआड तो बराच वेळ दिसला नाही. परत आला तेव्हा त्याच्या चपलांना झऱ्याचा चिखल होता.

"काय बघितलंस?" मी विचारले.

"झरो," तो म्हणाला. "पाणी बरा आसा."

संध्याकाळी त्याने चुन्याचा डबा काढला. धोंडे रंगवले आणि वळणाच्या कडेला, खाली कुळागर होते त्या बाजूला, एका ओळीत मांडले. मी बघत होते आणि मला काहीच सुचले नाही. मुळगावला पांढऱ्या धोंड्याचा अर्थ काय, हे मला माहीत असायला हवे होते. मी मुळगावची नव्हते, मी पेडण्याची.

सकाळी जाग आली ती माणसांच्या आवाजाने. पडदा बाजूला केला तर वळणावर पंधरावीस माणसे उभी. पुढे गावकार, गावातला वडीलधारा माणूस. खांद्यावर पंचा, आणि हातात आमचा एक धोंडा. त्याचा तळवा पांढरा झाला होता. मागे मावशी.

"हे कोणें मांडले?"

"मीयां," नवरा खाली उतरत म्हणाला.

"कित्याक?"

"गाडी कडेर जावची नाय म्हणान."

"गाडयेक फातर आडवो लायतात," मागून एकजण म्हणाला. "चुनो कित्याक? गाडयेक दिसना?"

दोघेतिघे हसले. गावकार हसला नाही. तो माझ्याकडे वळला आणि त्याने समजावले. डोंगराच्या पलीकडल्या बाजूला असेच झाले होते. आधी पांढरे धोंडे आले, कोणी मांडले ते कोणाला कळले नाही. मग दोरी घेऊन माणसे आली. मग यंत्र आले. गाव कचेरीत गेला तेव्हा सांगण्यात आले की हद्द तर कधीच आखली होती, तुम्ही धोंडे बघितले नाहीत काय? तेव्हापासून मुळगावात कोणी गडग्याला, दगडी कुंपणालासुद्धा चुना लावत नाही.

ट्रकवाल्याचे धोंडे आणि हद्दीचे धोंडे, दोन्ही एकाच खाणीतून आले होते आणि दोन्ही एकसारखे दिसत होते. नवरा खरे बोलत असेल. नवरा खोटे बोलत असेल. धोंड्यांकडे बघून काहीच कळत नव्हते.

मावशी पुढे आली. तिने माझा हात धरला. "बाये, तू सांग. तुजो घोव कंपनीच्या कामाक आयला काय ना?"

सगळे माझ्याकडे बघत होते. 'ना' म्हणायला एक अक्षर लागते. मावशीला तेच हवे होते. भाचीने ना म्हटले असते तर तिने लोकांना घरी पाठवले असते आणि आम्हाला चहाला बोलावले असते. नवराही माझ्याकडे बघत होता. त्यालाही तेच हवे होते, आणि बायकोकडून तेवढे मागायचा त्याला हक्क होता असे बहुतेक लोक म्हणतील. पण खाली ज्यांची शेते होती त्यांना माझ्या प्रेमावर विसंबून घरी जायला सांगायचा मला कसला हक्क होता?

"माका खबर ना, मावशे," मी म्हणाले.

तिने हात सोडला. नवऱ्याने मान फिरवली. मग गावकार म्हणाला, "राखणदारासरी चला."

राखणदार म्हणजे गावाच्या सीमेचा रक्षणकर्ता. वळणाच्या थोडे खाली, फणसाखाली त्याचा दगड होता. त्याच्यापुढे गाऱ्हाणे घालतात. एकजण मोठ्याने मागणे मागतो आणि बाकीचे प्रत्येक वाक्याला हो म्हणतात. अंधश्रद्धेविरुद्धच्या पत्रकांची शाई ज्या घरात बोटांना लागायची त्या घरातली मी, त्या गोलात जाऊन उभी राहिले. गावकाराने हात जोडले.

"हे बा राखणदारा, तुज्या सीमेंत जो कोण पाय घालून आयला, तो बऱ्या मनान आयला जाल्यार ताचें बरें कर."

"होय म्हाराजा," सगळे म्हणाले. माझ्याही तोंडून ते बाहेर पडले.

"ताची वाट नीट कर, ताची गाडी नीट पावय."

"होय म्हाराजा."

"आनी आमच्या डोंगराचेर नदर घालून आयला जाल्यार..."

"रवा," नवरा म्हणाला. "फुडला म्हणा नकात."

गाऱ्हाणे मध्ये कोणी तोडत नाही. लोक चपापले. तो दगडासमोर आला आणि बोलू लागला, मालवणीत, हळू, खाली बघत. रजा मागायला गेला तेव्हा साहेबांनी विचारले, कुठे जातोस. त्याने मुळगावचे नाव घेतले. साहेब म्हणाले, तू ड्रायव्हर, तुझी नजर तयार आहे. त्या बाजूने ट्रक वर चढेल का एवढे बघून ये. त्याने हो म्हटले नाही, नाहीही म्हटले नाही. रजा मिळाली.

"मगे तू बगलें?" गावकाराने विचारले.

"बगलंय. बगूचा नाय म्हटला तरी डोळे बगतत." त्याने वर हात केला. "ट्रक चढता. वरचो चढ कठीण नाय. ह्या वळणार मात्र अडता. हयसर ही वाट रुंद करूची तर हो फणस काढूक होयो, आणि देवीचो पाट मागे सरकवूक होयो. तेवढा केला तर चढता. हा मी सायबाक अजून सांगाक नाय. तुमका सांगलंय."

कोणीतरी म्हणाले, "आज आमकां सांगता, फाल्यां ताकाय सांगतलो."

"सांगीतही," दुसरा म्हणाला. "दोनूय कडेन जेवतलो."

गोलात खाणीवर कामाला जाणारा एकजण उभा होता. त्याने घड्याळाकडे बघितले आणि तो सगळ्यांच्या आधी निघाला. त्याच्या पाठीकडे बघताना नवऱ्यालाही कळले आणि मलाही, की ही गोष्ट दुपारच्या आत साहेबांच्या टेबलावर पोचेल.

गावकाराने पुन्हा हात जोडले, पण मघाचे वाक्य पुरे केले नाही. "गाडी तुजी, जीब तुजी," तो नवऱ्याला म्हणाला. "डोंगर आमचो. इतलें समजून रस्त्याक लाग." आणि धोंडे लोकांनी एकेक करून खाली घळीत टाकले. मावशीने आम्हाला चहाला बोलावले नाही. तिने गाडीच्या कपाटात एक सुपारीची पिशवी ठेवली आणि ती गेली.

नवऱ्याला पुढच्या आठवड्यात रुग्णवाहिकेवरून काढले, वजनकाट्यावर बसवले, आणि पावसाळ्याआधी तिथूनही काढले. मुळगावच्या लोकांनी त्या वळणावर फणसापासून पाटापर्यंत दगडी गडगा घातला. मी पत्रक लिहिले, त्यात वळणाची सगळी माहिती होती. हे लिहिते आहे तोवर तिथे ट्रक चढलेला नाही.

पण त्या सकाळी यातले काहीच माहीत नव्हते. आम्ही मुळगावहून निघालो ते मयेच्या तळ्यापाशी आलो. तळ्याच्या वरच्या अंगाला त्याने गाडी थांबवली. इंजिन बंद केले.

"माका खबर ना म्हणालंस," तो म्हणाला. "सगळ्यांच्या म्होरे."

"नव्हतीच."

"माका इचारूचा होता."

"विचारले होते. धारगळला. हरवळ्यालाही."

तो म्हणाला, "होय. इचारलेलंस."

मी त्याला सोडले नाही. एकामागून एक विचारत गेले आणि तो सांगत गेला. साहेबांनी नेमके काय शब्द वापरले. मुकादमाला कसे कळले. फिरायची कल्पना आधी आली की साहेबांचे बोलणे आधी झाले. कल्पना आधी, तो म्हणाला, हरवळ्याचे तर कितीतरी वर्षांचे. झऱ्याकडे एकटा का गेलास. मला का सांगितले नाहीस. "तू लगेच पत्रक काढलंस असतंस," तो म्हणाला, आणि ते खरे होते. त्याची सगळी उत्तरे एकमेकांशी जुळत होती, आणि जुळणाऱ्या उत्तरांवर माझा कधीच विश्वास नव्हता. जुळवणे हेच तर माणसाला सगळ्यात आधी जमते. शेवटी एकच प्रश्न उरला.

"हे लोक आज आले नसते, तर साहेबांना सांगितले असतेस?"

त्याने स्टीअरिंगवर दोन्ही हात ठेवले. खाली पाण्यावर एक बगळा उतरला, त्याच्याकडे तो बघत राहिला.

"एकदा इचारल्यान असता तर नाय म्हटलंय असतंय," तो म्हणाला. "दोनदा इचारल्यान असता तर सांगलंय असतंय. नोकरी होती गे."

या उत्तरावर माझा विश्वास बसला. मी दार उघडले आणि आम्ही तळे बघायला खाली उतरलो.